अतिक्रियाशील मूत्राशय : परिचारिकाप्रणीत शुश्रूषा आणि औषधोपचार

सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात एखाद्या विकाराचे महत्त्व बहुधा त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या संख्येवरून ठरविले जाते. जे विकार जीव घेत नाहीत, परंतु जगणे अवघड करून सोडतात, ते या मोजमापात मागे पडतात. अतिक्रियाशील मूत्राशय हा अशाच विकारांपैकी एक होय. लघवीची अचानक व अनावर घाई, दिवसा वारंवार आणि रात्री झोपेतून उठून लघवीला जावे लागणे, काही वेळा स्वच्छतागृहापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होणे, ही त्याची लक्षणे आहेत. संकोचामुळे रुग्ण ती सांगत नाही आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना ती विचारण्यास सवड मिळत नाही. या विकारावरील पहिले उपचार मात्र साधे, कमी खर्चाचे आणि प्रशिक्षित परिचारिकेला सहज देता येण्यासारखे आहेत. म्हणूनच हा विषय प्राथमिक आरोग्य सेवा, वृद्धांचे आरोग्य, स्त्रियांचे आरोग्य आणि आरोग्य मनुष्यबळ या चारही प्रश्नांशी निगडित आहे.

विकाराचे स्वरूप

मूत्रपिंडांत तयार होणारे मूत्र मूत्राशयात साठते. प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयाची क्षमता साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर असते. साठवणीच्या काळात मूत्राशयाच्या भिंतीतील डेट्रुसर हा स्नायू शिथिल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीचा झडपेसारखा स्नायू आवळलेला असतो. मूत्रविसर्जनाच्या वेळी याच्या नेमके उलट घडते. या दोन्ही अवस्थांचे नियंत्रण मेंदू, मज्जारज्जू आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या चेतातंतूंमार्फत होते. चेतातंतूंच्या टोकांशी स्रवणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन मस्कॅरिनिक ग्राहींवर कार्य करून डेट्रुसर स्नायूचे आकुंचन घडविते, तर बीटा-३ ग्राहींच्या उद्दीपनामुळे तो शिथिल होतो. औषधोपचाराची सर्व भिस्त या दोन यंत्रणांवर आहे.

अतिक्रियाशील मूत्राशयात साठवणीच्या काळातच, मूत्राशय पुरेसे भरलेले नसताना, लघवीची तीव्र निकड जाणवते. पुष्कळदा यामागे डेट्रुसर स्नायूचे अनैच्छिक आकुंचन असते. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ साली परिभाषेचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार निकड हे या विकाराचे मुख्य लक्षण असून त्यासोबत सामान्यतः वारंवारता व रात्रीची लघवी आढळते. निकडीमुळे लघवी सुटणे असेल किंवा नसेलही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अथवा असे अन्य उघड कारण नाही, याची खात्री झाल्यानंतरच हे निदान केले जाते. खोकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटणे हा वेगळा प्रकार आहे. त्यास ताणजन्य असंयम म्हणतात. दोन्ही प्रकार एकाच रुग्णात असू शकतात, परंतु त्यांचे उपचार सर्वस्वी सारखे नसल्यामुळे हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

व्याप्ती आणि सामाजिक परिणाम

कॅनडा, जर्मनी, इटली, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांतील १९ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ११.८ टक्के व्यक्तींमध्ये या विकाराची लक्षणे आढळली. हा केवळ स्त्रियांचा आजार आहे, हा समजही या पाहणीने दूर केला. स्त्रिया व पुरुष यांच्यातील प्रमाणात फार मोठी तफावत नव्हती. वयाबरोबर प्रमाण वाढते, ही बाब भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. २०३६ पर्यंत ती सुमारे २३ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १५ टक्के होईल, असा अधिकृत अंदाज आहे.

या विकाराचे परिणाम मूत्राशयापुरते मर्यादित राहत नाहीत. रात्री अंधारात घाईने उठणारी वृद्ध व्यक्ती पडते आणि खुब्याचे हाड मोडते. झोप पुन्हा पुन्हा मोडल्यामुळे दिवसा थकवा राहतो. शेतात, बांधकामावर किंवा बाजारपेठेत काम करणाऱ्या स्त्रीला जवळ स्वच्छतागृह नसेल तर ती पाणी पिणेच कमी करते. त्यामुळे मूत्र संहत होते, जंतुसंसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो. प्रवास, लग्नकार्ये, देवदर्शन हळूहळू टाळले जाते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानामुळे घरोघरी शौचालये उभी राहिली, परंतु कामाच्या आणि प्रवासाच्या ठिकाणी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृह असणे हा या रुग्णांसाठी उपचाराचाच एक भाग आहे.

तपासणी : परिचारिकेचे पहिले कार्य

परिचारिकाप्रणीत शुश्रूषा याचा अर्थ डॉक्टरांना वगळून दिलेली सेवा असा नाही. रुग्णाची प्राथमिक तपासणी, मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि पाठपुरावा यांची जबाबदारी ठरावीक कार्यपद्धतीनुसार प्रशिक्षित परिचारिकेने घ्यावी आणि ठरलेल्या टप्प्यांवर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे तिचे स्वरूप आहे.

या कामाचा आरंभ संभाषणापासून होतो. ‘लघवीची काही तक्रार आहे का?’ या प्रश्नाला पुष्कळदा नकारार्थी उत्तर मिळते. ‘रात्री किती वेळा उठावे लागते?’, ‘बाहेर जाताना आधी स्वच्छतागृह कोठे आहे याचा विचार करावा लागतो का?’ असे प्रश्न विचारल्यास रुग्ण मोकळेपणाने बोलू लागतो. यानंतर मधुमेह, उच्च रक्तदाब, बाळंतपणे, शस्त्रक्रिया, बद्धकोष्ठता आणि चालू औषधे यांची नोंद केली जाते. मूत्र वाढविणारी रक्तदाबाची गोळी सायंकाळी घेतल्यामुळे रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची वेळ बदलणे एवढाच उपाय पुरेसा ठरू शकतो.

दुसरे साधन म्हणजे मूत्राशयाची दैनंदिनी. किमान तीन दिवस रुग्णाने किती वाजता, किती पाणी, चहा वा अन्य द्रव घेतले, किती वाजता आणि किती लघवी झाली, घाई किंवा गळती झाली का, याची नोंद ठेवावयाची असते. मोजमापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे यासाठी पुरते. लिहिता न येणाऱ्या रुग्णासाठी चित्रांचा तक्ता वापरता येतो. या नोंदीतून निदानाला दिशा मिळते. दर वेळी थोडीच लघवी होत असेल तर अतिक्रियाशील मूत्राशयाची शक्यता अधिक असते. दर वेळी भरपूर लघवी होत असेल तर मधुमेह किंवा अतिरिक्त द्रवसेवनाचा विचार करावा लागतो. वृद्ध व्यक्तीत चोवीस तासांतील मूत्रापैकी एक-तृतीयांशाहून अधिक मूत्र रात्रीच तयार होत असेल, तर दोष मूत्राशयात नसून हृदयविकार, पायांवरील सूज किंवा झोपेतील श्वसनविकार यांत असू शकतो.

यानंतर पट्टीद्वारे मूत्रतपासणी, रक्तातील साखर, रक्तदाब आणि आवश्यक तेथे विसर्जनानंतर मूत्राशयात उरणाऱ्या मूत्राचे मोजमाप केले जाते. लघवीतून रक्त जाणे, वेदना, लघवी तुंबणे, पायांतील बधिरपणा वा अशक्तपणा, वारंवार होणारा संसर्ग यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठविणे बंधनकारक असते. भारतात आणखी एका शक्यतेचे भान ठेवावे लागते. लघवीत पूपेशी आहेत, परंतु नेहमीच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत, अशा वेळी मूत्रसंस्थेच्या क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. पुरुषांमध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीचाही विचार करावा लागतो.

वर्तनात्मक उपचार

निदानानंतर पहिला टप्पा औषधाचा नसून सवयींतील बदलाचा असतो. चहा, कॉफी यांतील कॅफिन कमी करणे, झोपण्यापूर्वीचे काही तास द्रवपदार्थ मर्यादित ठेवणे, बद्धकोष्ठता दूर करणे आणि वजन आटोक्यात आणणे यांचा त्यात समावेश होतो. पाणी अतिशय कमी करणे हा मात्र उपाय नव्हे. उष्ण हवामानात आणि अंगमेहनत करणाऱ्यांना तो अपायकारक ठरतो.

दुसरा घटक मूत्राशयाच्या प्रशिक्षणाचा आहे. दैनंदिनीवरून रुग्ण किती अंतराने लघवीला जातो हे समजते. समजा, ते अंतर एक तास असेल, तर पहिल्या आठवड्यात सव्वा तास, पुढे दीड तास असे ते क्रमाक्रमाने वाढवीत अडीच ते तीन तासांपर्यंत नेले जाते. घाई जाणवताच धावत न सुटता स्थिर उभे राहावे किंवा बसावे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू काही वेळा झटकन आवळावेत, दीर्घ श्वास घ्यावा आणि लाट ओसरल्यावर शांतपणे स्वच्छतागृहाकडे जावे, असे शिकविले जाते. हे प्रशिक्षण किमान सहा आठवडे चालवावे लागते.

तिसरा घटक ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली त्याचे शास्त्रीय विवेचन केले, म्हणून तो केगेल व्यायाम या नावाने ओळखला जातो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, असा क्रम निदान तीन महिने ठेवावा, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. अनेक रुग्ण या स्नायूंऐवजी पोटाचे किंवा मांड्यांचे स्नायू आवळतात. योग्य स्नायू ओळखून देणे आणि तीन महिने उत्साह टिकविणे, हे काम पाच मिनिटांच्या भेटीत होत नाही. परिचारिकेच्या भूमिकेचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

या उपचारांचे सामर्थ्य सिद्ध झालेले आहे. ५५ वर्षे व त्यावरील १९७ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. वर्तनात्मक उपचार घेतलेल्या गटात गळतीचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी घटले. ऑक्सिब्युटिनिन औषध घेणाऱ्या गटात ही घट सुमारे ६९ टक्के, तर औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्या गटात सुमारे ३९ टक्के होती.

औषधोपचार

वर्तनात्मक उपचारांनी पुरेसा गुण न आल्यास त्यांच्या जोडीला औषधे दिली जातात. त्यांचे दोन प्रमुख वर्ग आहेत.

पहिला वर्ग मस्कॅरिनिक ग्राहींना अटकाव करणाऱ्या औषधांचा आहे. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन, डॅरिफेनॅसिन, ट्रॉस्पियम ही त्यांतील औषधे होत. ती डेट्रुसर स्नायूचे अनैच्छिक आकुंचन कमी करतात. परंतु असेच ग्राही लाळग्रंथी, आतडी, डोळे आणि मेंदू यांतही असल्यामुळे तोंडास कोरड, बद्धकोष्ठता, अंधुक दृष्टी आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा हे दुष्परिणाम संभवतात. लघवी तुंबण्याचा त्रास किंवा उपचार न झालेला अरुंद कोनाचा काचबिंदू असल्यास ही औषधे वर्ज्य आहेत.

दुसरा वर्ग बीटा-३ ग्राहींना उद्दीपित करणाऱ्या औषधांचा आहे. मिराबेग्रॉन हे या वर्गातील पहिले औषध २०११ साली जपानमध्ये आणि २०१२ साली अमेरिकेत मान्यता पावले. व्हिबेग्रॉनला जपानमध्ये २०१८ साली मान्यता मिळाली. या औषधांमुळे तोंडाची कोरड व बद्धकोष्ठता तुलनेने कमी होते. मात्र मिराबेग्रॉनमुळे रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक व अनियंत्रित असल्यास ते देता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गास कोरडेपणा आलेल्या स्त्रियांना स्थानिक इस्ट्रोजेनचा उपयोग होतो. या सर्वांनी गुण न आल्यास मूत्राशयात बोटुलिनम विषाचे इंजेक्शन किंवा त्रिकास्थीतील चेतांचे विद्युत उद्दीपन हे तज्ज्ञांच्या पातळीवरील उपाय उपलब्ध आहेत.

औषधांवरील देखरेख

या औषधांचा लाभ मध्यम स्वरूपाचा असतो आणि तो दिसण्यास चार ते आठ आठवडे लागू शकतात. ही गोष्ट आधीच सांगितली गेली नाही, तर आठ दिवसांत ‘गोळी लागू पडत नाही’ अशी समजूत करून रुग्ण ती थांबवितो. मस्कॅरिनिक-रोधक औषधे सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात ती सोडतात, असे विविध देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून औषध सुरू झाल्यानंतर साधारण चार आठवड्यांनी परिचारिकेने फेरतपासणी करणे अपेक्षित असते. नव्या दैनंदिनीची जुन्या दैनंदिनीशी तुलना, दुष्परिणामांची विचारपूस, रक्तदाबाची नोंद आणि मात्रा किंवा औषध बदलण्याविषयी डॉक्टरांना अहवाल, अशी ही भेट असते.

वृद्धांच्या बाबतीत ‘एकूण भार’ ही संकल्पना महत्त्वाची आहे. सर्दीवरील क्लोरफेनिरामिन, नैराश्य व वेदनांसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल या औषधांचा परिणामही ॲसिटिलकोलिनविरोधी असतो. त्यांत मूत्राशयाच्या गोळीची भर पडल्यास स्मृती व तोल यांवर विपरीत परिणाम होऊ शकतो. अशक्त वृद्ध स्त्रियांना ऑक्सिब्युटिनिनची तत्काळ विरघळणारी गोळी देऊ नये, अशी ब्रिटनमधील शिफारस याच कारणासाठी आहे. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल आणि मस्कॅरिनिक-रोधक औषध यांचे कार्य परस्परविरोधी असते. मिराबेग्रॉनमुळे मेटोप्रोलॉलसारख्या रक्तदाबावरील औषधाची रक्तातील पातळी वाढू शकते. शिवाय मस्कॅरिनिक-रोधक औषधांमुळे घाम कमी येतो, म्हणून उन्हाळ्याच्या तीव्र दिवसांत उष्माघाताचा धोका ध्यानात ठेवणे भारतासारख्या देशात अत्यावश्यक आहे. रुग्णाच्या घरातील सर्व गोळ्यांची पिशवी मागवून ती एकदा नीट पाहणे, हे साधे काम अनेक अनर्थ टाळू शकते.

परदेशातील अनुभव

ब्रिटनमध्ये मूत्रसंयमविषयक परिचारिका ही स्वतंत्र शाखा विकसित झाली आहे. लीस्टरशायर व रटलंड येथे चाळीस वर्षांवरील साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. विशेष प्रशिक्षित परिचारिकांनी आठ आठवडे आहार, द्रवसेवन, मूत्राशय प्रशिक्षण आणि व्यायाम यांविषयी दिलेल्या सेवेमुळे नेहमीच्या सेवेपेक्षा लक्षणांत अधिक सुधारणा झाल्याचे त्यात आढळले. ब्रिटनमध्ये २००६ पासून अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आपल्या कार्यक्षमतेच्या कक्षेत औषधे लिहून देण्याचा व्यापक अधिकार आहे. तपासणी, प्रशिक्षण आणि औषध हे तिन्ही टप्पे त्यामुळे एकाच ठिकाणी पूर्ण होऊ शकतात.

भारतातील व्यवस्था आणि कायदा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत, तर वैद्यकीय व अन्य व्यवसाय समवर्ती सूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेअंतर्गत उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आरोग्य व निरामयता केंद्रांत रूपांतर सुरू झाले. दीड लाख केंद्रांचे उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव देण्यात आले. उपकेंद्र पातळीवरील केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमला जातो आणि या पदासाठी परिचर्या पदवीधर वा पदविकाधारक पात्र असतात. केंद्रांच्या बारा सेवांमध्ये असंसर्गजन्य रोगांबरोबरच वृद्धांच्या शुश्रूषेचाही समावेश आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम याला पूरक आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र मर्यादा स्पष्ट आहेत. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य प्रदात्यांना प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत विनिर्दिष्ट औषधे देण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ साली अतिदक्षता सेवेतील परिचर्या व्यवसायी अभ्यासक्रम आखला. सुईणसेवेतील परिचर्या व्यवसायींसाठी २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वे निघाली. राष्ट्रीय परिचर्या व सुईणसेवा आयोग अधिनियम, २०२३ द्वारे १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी नवी नियामक रचना योजण्यात आली.

परिचारिकेला औषध लिहिण्याचा अधिकार असावा की नसावा, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. डॉक्टरांची ग्रामीण भागातील कमतरता, रुग्णांचा प्रवासखर्च आणि वेळ ही एक बाजू. चुकीचे निदान, औषधांच्या परस्परक्रिया आणि जबाबदारी कोणाची, हे प्रश्न ही दुसरी बाजू. अतिक्रियाशील मूत्राशयाच्या संदर्भात या वादाची वाट पाहण्याचे कारण नाही. उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टरांनी औषध सुरू करावे आणि उपकेंद्रातून ते पुढे मिळत राहावे, ही पद्धती रूढ झालेली आहे. तीच येथेही लागू करता येईल. २५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य कर्मचारी रुग्ण व डॉक्टर यांच्यातील दूरसल्ल्यास साहाय्य करू शकतो. दैनंदिनी, मूत्रतपासणी आणि रक्तदाब यांच्या नोंदी परिचारिकेने ई-संजीवनीमार्फत डॉक्टरांपुढे ठेवल्यास निर्णय अधिक अचूक होईल.

पुढील दिशा

यासाठी नव्या इमारती किंवा महागडी यंत्रे लागत नाहीत. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीच्या वेळी लघवीविषयी दोन-तीन प्रश्न विचारणे, प्रादेशिक भाषांत सचित्र दैनंदिनी उपलब्ध करणे, परिचर्या अभ्यासक्रमात मूत्रसंयमाच्या प्रात्यक्षिकांना स्थान देणे, रुग्णास केव्हा व कोठे पाठवावे याची लेखी कार्यपद्धती ठरविणे आणि औषधांचा पुरवठा अखंड ठेवणे, या पाच गोष्टी प्रारंभासाठी पुरेशा आहेत. त्याच वेळी परिचारिकांची संख्या आणि त्यांच्यावरील अन्य कामांचा भार यांचाही विचार झाला पाहिजे. मनुष्यबळ न वाढविता केवळ जबाबदारी वाढविल्यास ही सेवा कागदावरच राहील.

आयुर्मान वाढणे हे विकासाचे एक गमक आहे. वाढलेली वर्षे प्रतिष्ठेने जगता येणे हे त्याचे दुसरे, तितकेच महत्त्वाचे गमक होय. ज्या तक्रारीमुळे माणूस घराबाहेर पडणेच थांबवितो, तिच्याविषयी गावातील परिचारिकेजवळ निःसंकोचपणे बोलता येणे आणि तेथेच उपचाराचा आरंभ होणे, ही प्राथमिक आरोग्य सेवेच्या परिपूर्णतेची एक साधी, पण खरी कसोटी ठरेल.